अण्णांचा अंगठा आणि गोळीच्या नावामागचा 'एच'

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बिबवेवाडीत माझं मेडिकल आहे, वीस-बावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. हे प्रकरण माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गाऊटचं, म्हणजे युरिक ॲसिड नावाचा शरीरातला टाकाऊ पदार्थ सांध्यात साचून होणाऱ्या आजाराचं, त्यांना विचारूनच लिहितोय, नाव बदललंय आणि धंद्यातल्या एकदोन गोष्टी इकडच्या तिकडे केल्यात म्हणजे कोणी ओळखू नये. यात ज्यांच्या ज्यांच्या चुका झाल्या त्यात मी पण आहे, ते लपवायचं असतं तर लिहायला बसलोच नसतो. डोसचे आकडे येतील मध्ये मध्ये, ते अण्णांचे आहेत, तुमचे नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

पार्श्वभूमी

अण्णा म्हणजे मार्केट यार्डातले आडते, कांदा-बटाट्याचा गाळा. पहाटे चारला उठून गाळ्यावर, मग लिलाव, हमाल, तोलणार, पावत्या, उधाऱ्या, शिव्या, आणि दुपारी एक-दीडला घरी येऊन जेवून आडवं व्हायचं. २०१८ साली वय ४७, वजन ९२ किलो. बुधवार-रविवार नॉनव्हेज ठरलेलं, शनिवारी रात्री मित्रांबरोबर दोन बाटल्या बियर. गाळ्यावर पाणी जवळजवळ नाहीच, त्याच्या जागी चहा, दिवसाला सात-आठ कप. वडिलांना म्हातारपणी "वात" होता, हाताची बोटं गाठी येऊन वाकडी झाली होती. तो वात नक्की कुठला हे त्या काळी कोणी तपासलं नाही, वात म्हणजे वात.

बीपीची गोळी २०१५ पासून चालू. २०१७ मध्ये बीपी आटोक्यात येईना म्हणून त्याच कंपनीची, तशाच नावाची, पण शेवटी 'एच' लावलेली गोळी सुरू झाली. आम्हा मेडिकलवाल्यांना तो एच पाठ असतो, एच म्हणजे आत हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवून बीपी उतरवणारं औषध. दर महिन्याला तीन पट्ट्या माझ्याच हातून जायच्या. हा एच लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अंगठ्याचा पहिला अटॅक

२०१८ चा आखाड. श्रावण लागायच्या आधी पुण्यात जे काय चालतं ते तुम्हाला माहितीये, तीन रविवार सलग मटण, शेवटच्या रविवारी खडकवासल्याकडे कोणाच्या तरी शेतावर पार्टी, वजडी, सूप, बियर, सगळं. त्याच रात्री अडीच वाजता अण्णांना जाग आली ती डाव्या पायाच्या अंगठ्याच्या ठणक्याने. वहिनी सांगतात की पायावर चादरीचं टोक लागलं तरी ओरडत होते, शेवटी पंखा पण बंद करायला लावला.

सकाळी मुलाच्या ॲक्टिव्हावर मागे बसून माझ्याकडे आले, एका पायात कोल्हापुरी, दुसरा पाय उघडा, फूटरेस्टवर टेकवता येईना म्हणून हवेत धरलेला. अंगठ्याच्या मुळाशी सांधा लालबुंद, चकचकीत, कातडी ताणलेली. मी म्हणलं ठेच लागली का, ते म्हणाले आठवत नाही, लागली असेल. मी दिली डायक्लोफिनॅकची, म्हणजे दुखण्याच्या गोळीची पट्टी. पट्टीवर लाल रेघ असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, पण माणूस समोर कळवळत उभा असला की पट्टी हातात आलेली असते. समर्थन करत नाहीये, झालं ते सांगतोय.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेले. एक्सरे काढला, नॉर्मल. जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक दिलं, आणि शंका म्हणून युरिक ॲसिड तपासलं, ते आलं ६.४ (एका डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम). लॅबच्या कागदावर ७.२ पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, त्यामुळे "युरिक ॲसिड नाहीये" असा निकाल लागला आणि सातव्या दिवशी अंगठा आपोआप शांत झाला. श्रेय अँटिबायोटिकला गेलं.

खरं तर त्या एका आठवड्यात दोन फसवे पुरावे होते आणि आम्ही सगळे दोन्हींना फसलो. सुरुवातीच्या अटॅकमध्ये एक्सरे नॉर्मलच दिसतो, हाड झिजल्याच्या खुणा यायला वर्षं जातात. आणि ऐन अटॅकमध्ये रक्तातलं युरिक ॲसिड बऱ्याच जणांचं खाली उतरलेलं असतं, म्हणून अटॅक ओसरल्यावर दोन-चार आठवड्यांनी परत तपासायचं असतं. ते कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी अंगठा बरा झाल्यावर अण्णा लॅबमध्ये गेले असते असं मला वाटत नाही.

अंगठाच का, आणि रात्रीच का

थोडं हे समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं पथ्यपाण्याच्या गोष्टी वाटेल. आपल्या पेशी सतत मरतात नवीन होतात, त्यातून प्युरिन नावाचा पदार्थ सुटतो, काही खाण्यातून पण येतो, आणि त्याचं शेवटचं रूप म्हणजे युरिक ॲसिड. बहुतेक प्राण्यांकडे त्याचं पुढे विघटन करणारं एंझाइम असतं, माणसाच्या पूर्वजांनी ते कधीच गमावलं. मग उरतो बाहेर टाकण्याचा रस्ता, साधारण दोन भाग किडनीतून, एक भाग आतड्यातून. बहुतेकांची अडचण जास्त खाण्यापेक्षा किडनीतून कमी बाहेर पडण्याची असते, आणि ते बरंचसं रक्तातच, म्हणजे घराण्यातून येतं.

रक्तात हे साधारण ६.८ पर्यंत विरघळलेलं राहतं. त्यावर गेलं की पाकासारखं होतं, गरम असताना पातळ दिसतो आणि गार झाला की कडेला साखर धरते. शरीरात सगळ्यात गार जागा म्हणजे पायाची बोटं, त्यात रात्री अजून गार. तिथे सुईसारखे बारीक स्फटिक साचत राहतात, वर्षानुवर्षं, काहीही न दुखता, आणि एक दिवस शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, तो अटॅक. म्हणजे आखाडातल्या मटणाने अण्णांचा गाऊट झाला नाही, तो आधीच भरून ठेवलेला होता, मटणाने आणि बियरने काडी लावली. एचच्या गोळीने पण त्याआधी वर्षभर किडनीला युरिक ॲसिड अडवून ठेवायला लावलं होतं. हे ज्ञान मला २०१८ ला पुस्तकातलं म्हणून होतं, अण्णांच्या अंगठ्याशी जोडायचं सुचलं नाही.

अडचण कशी वाढत गेली

२०१९ ला दोन अटॅक. यातल्या दुसऱ्यानंतर नेहमीच्या तपासणीत युरिक ॲसिड ९.१ आलं आणि मग एकदाचं निदान झालं, गाऊट. नाव मिळालं की सल्ले सुटतात. वहिनींनी घरात डाळ बंद केली, टोमॅटो बंद, पालक बंद, वांगं बंद, आंबट बंद, दही पण बंद. चार वर्षं त्या घरात धड आमटी झाली नाही. वहिनी एकदा मेडिकलवर म्हणाल्या, "रोज काय करायचं तेच कळत नाही हो, दुधी नि पडवळ खाऊन पोरं कंटाळलीत." आणि इकडे अण्णांची शनिवारची बियर चालूच, कारण बियर "गरम" नाही, बियरने उलट लघवीवाटे साफ होतं असं गाळ्यावर कोणीतरी सांगितलेलं.

उलटं आहे हो सगळं. २००४ साली अमेरिकेत ४७ हजार पुरुषांचा १२ वर्षांचा अभ्यास छापून आला, त्यात मटण आणि मासे-कोळंबी खाणाऱ्यांना गाऊट जास्त, दूध-दही खाणाऱ्यांना कमी, आणि डाळी-पालकासारख्या प्युरिनवाल्या शाकाहारी गोष्टींनी काही फरक नाही असं दिसलं. बियरमध्ये अल्कोहोल पण आणि प्युरिन पण, म्हणजे दुहेरी. कोल्ड्रिंकमधल्या गोडाने पण वाढतं. आणि पथ्य अगदी काटेकोर पाळलं तरी आकडा जेमतेम एकाने खाली येतो, नऊचा आठ होईल, सहा नाही होणार.

२०२१ ला तीन, २०२२ ला पाच. आता घोटा पण धरायला लागला. आणि प्रत्येक वेळी मुलगा माझ्याकडे यायचा, "काका, अण्णांची ती गोळी." मी द्यायचो. एकदा वहिनींनी कोणाकडून तरी आणलेली पुडी दाखवली, पांढरी पावडर, लेबल नाही, "दोन तासात उतरतं" म्हणाल्या. दोन तासात उतरतं हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण इतकं भराभर काम करणारं एकच मला ठाऊक आहे, स्टेरॉइड. ती पुडी महिनाभर चालली, तोंड सुजल्यासारखं दिसायला लागलं आणि तपासली तर शुगर २३०. पुडी बंद केल्यावर दोन महिन्यांत शुगर खाली आली. आयुर्वेदात या आजाराला वातरक्त म्हणतात, त्याचा शास्त्रशुद्ध विचार तिथे आहे, पण बिनलेबलची पुडी म्हणजे आयुर्वेद नव्हे, एवढं वहिनींना समजावताना माझा अर्धा तास गेला.

पहिला मोठा निर्णय, जो फसला

२०२२ च्या दिवाळीनंतर एका डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल लिहिलं. औषध बरोबर होतं. हे युरिक ॲसिड तयारच कमी करतं, १९६० च्या दशकापासून वापरात आहे, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतलं, १९८८ चं नोबेल मिळालेल्या जोडीचं. पण सुरुवातच ३०० मिलिग्रॅमने, सोबत दुसरं काही नाही, आणि "सुरुवातीला अटॅक येऊ शकतो, आला तरी बंद करू नका" हे वाक्य नाही. बोलले असतील तर गर्दीत अण्णांना ऐकू आलं नसेल, मला माहीत नाही, चिठ्ठीवर तरी नव्हतं.

अठराव्या दिवशी गुडघा. असा सुजला की पायजमा वर जाईना. अण्णांचं गणित सरळ होतं, चार वर्षं अंगठा आणि घोटा दुखायचा, नवीन गोळी घेतली आणि गुडघा गेला, म्हणजे गोळीच वाईट. पट्टी माझ्या काउंटरवर आपटली, "घे परत हे विष." मी ती निमूट घेतली, उरलेल्या गोळ्यांचे पैसे पण दिले.

या प्रकरणातला सगळ्यात महागडा क्षण कुठला विचाराल तर हाच. कारण गोळी काम करत होती. आकडा खाली आला की साचलेले स्फटिक विरघळायला लागतात, सुटे होतात, आणि सुटे झालेले दिसले की शरीर पुन्हा तुटून पडतं. म्हणून सुरुवात कमी डोसने करतात आणि पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिन या सूज दाबणाऱ्या औषधाची छोटी गोळी चालू ठेवतात. हे मला माहीत होतं. काउंटरवर पाच माणसं उभी होती, अण्णा चिडलेले होते, आणि मी पैसे मोजून दिले. दोन मिनिटं बाजूला घेऊन बोललो असतो तर कदाचित एक वर्ष वाचलं असतं. कदाचित म्हणतोय, कारण अण्णा ऐकण्यातले नाहीत.

नवरात्र २०२३

त्या वर्षी अण्णांनी नऊ दिवसांचे उपास धरले, अनवाणी. मटण नाही, बियर नाही, दिवसातून एकदा साबुदाणा किंवा भगर, बाकी चहा. सातव्या माळेला दोन्ही घोटे आणि उजवा गुडघा एकदम. ताप १०१. वहिनी रडायला लागल्या की इतकं कडक केलं तरी देवीने असं का केलं. देवीचा काय दोष, पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून जी रसायनं तयार होतात ती किडनीत युरिक ॲसिडच्या वाटेत येतात, त्यात पाणी कमी. क्रॅश डाएट करणाऱ्यांना, ऑपरेशननंतर, पालखीबरोबर उन्हात चालून पाणी न पिणाऱ्यांना, सगळ्यांना हे होऊ शकतं.

यावेळी ॲडमिट करावं लागलं. तिथे तीन गोष्टी बाहेर आल्या. क्रिएटिनिन, जे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचं असतं, ते १.६, म्हणजे हिशोबाने किडनीचं काम ५१ च्या आसपास, तरुण निरोगी माणसाचं शंभरच्या आगेमागे असतं. सोनोग्राफीत डाव्या किडनीत ६ मिलिमीटरचा खडा, जो साध्या एक्सरेत दिसला नव्हता, युरिक ॲसिडचे खडे एक्सरेत दिसतच नाहीत. आणि उजव्या कोपरावरची बोराएवढी गाठ. ही गाठ दोन वर्षं सगळ्यांनी पाहिलेली, अण्णा म्हणायचे गादीवर कोपर टेकून बसतो म्हणून घट्टा पडलाय. तो घट्टा नव्हता, आत पांढरा खडूसारखा युरिक ॲसिडच्या स्फटिकांचा साठा होता, टोफस म्हणतात त्याला.

फिजिशियननी विचारलं दुखण्याच्या गोळ्या किती घेतल्या. मुलाने मला फोन केला. मी कॉम्प्युटरवर बिलं काढली, आणि जी बिलाशिवाय गेली ती आठवून मिळवली. २०२३ च्या जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत २१ पट्ट्या. दहाची पट्टी, आणि या गोळ्या अशा घेत राहिलं की किडनीवरच बेततं. मी आकडा सांगितला आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ शटरजवळच्या स्टुलावर बसून राहिलो.

कोणते पर्याय समोर होते

नोव्हेंबरमध्ये संधिवातज्ज्ञांकडे गेले, मी पण सोबत गेलो, मुलानेच आग्रह केला. डॉक्टरीण बाईंनी आधी गुडघ्यातलं पाणी सुईने काढलं, पातळ ताकासारखं गढूळ, आणि ते मायक्रोस्कोपखाली बघायला पाठवलं. खास प्रकाशात सुईसारखे स्फटिक दिसले की मग वाद उरत नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी सांध्यात डोकावून बघितलं होतं.

मग बोलणं झालं. एक पर्याय, आहे तसंच, अटॅक आला की गोळी. तो किडनीमुळे बंदच झाला, डायक्लोफिनॅकसारख्या सगळ्या गोळ्यांवर फुली. दुसरा, फक्त पथ्य. गाठ आलीये, खडा झालाय, आकडा नऊच्या वर, पथ्याने काय होणार. तिसरा फेबुक्सोस्टॅट, युरिक ॲसिड उतरवणारं जोरकस औषध, किडनी थोडी कमी असली तरी चालतं, पण २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत हृदयरोग असलेल्यांमध्ये ॲलोप्युरिनॉलच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू जास्त दिसले होते. नंतर २०२० च्या युरोपातल्या चाचणीत तसं दिसलं नाही, तरी अण्णांच्या वडिलांचा इतिहास हृदयाचा होता म्हणून बाईंनी ते दुसऱ्या नंबरवर ठेवलं. चौथा, तेच ॲलोप्युरिनॉल, पण नीट.

अण्णा म्हणाले, "मॅडम, त्या गोळीने गुडघा गेला माझा." बाईंनी विचारलं धंदा कशाचा. "कांदा-बटाटा." "गोदामात जुनी पोती वर्षभर पडून असली आणि एक दिवस हलवली तर काय होतं?" अण्णा म्हणाले, धूळ उडते. "मग धूळ उडाली म्हणून पोती परत तिथेच ठेवता?" अण्णा काही बोलले नाहीत, पण मान हलवली. माझी पाच वर्षांची बडबड एका पोत्यात संपली.

आणि मग बाईंनी बीपीची पट्टी हातात घेतली, नाव वाचलं, आणि शेवटच्या अक्षरावर नख टेकवून माझ्याकडे बघितलं. मी दुकानदार आहे हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, गरजच नव्हती.

काय केलं

फिजिशियनशी बोलून एच काढला, त्याच्या जागी लोसार्टन आणि ॲम्लोडिपिन. लोसार्टन बीपी उतरवताना युरिक ॲसिड पण थोडं लघवीतून बाहेर काढतं, एकाच गोळीत दोन कामं. हे बदल स्वतःच्या मनाने करायचे नसतात हे वेगळं सांगत नाही.

ॲलोप्युरिनॉल १०० पासून. सोबत कोल्चिसिन ०.५ रोज एक. अण्णांना कोल्चिसिनची धास्ती होती कारण गाळ्यावरच्या एकाने "दर दोन तासाला एक, जुलाब होईपर्यंत" अशी घेतली होती, ती जुनी पद्धत, आता तसं कोणी देत नाही, थोड्या डोसनेच काम होतं. मी घरी जाऊन वहिनींना दोन गोष्टी लिहून दिल्या. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर ॲलोप्युरिनॉल तिथल्या तिथे थांबवून डॉक्टरांना फोन. क्वचित होतं, पण झालं तर जीवावर बेतू शकतं, म्हणून हे एक कारण सोडून दुसऱ्या कुठल्याही कारणाने स्वतःहून थांबवायचं नाही. दुसरं, अटॅक आला तर घाबरून काय करायचं आणि काय नाही.

दर चार आठवड्यांनी रक्त. ९.२ वरून ८.१, मग २०० केल्यावर ६.९. इथे एक मजा झाली. मुलाने रिपोर्ट पाठवला, "काका नॉर्मल आलं, बंद करू का?" कागदावर नॉर्मलच होतं ना, ७.२ च्या आत. पण गाऊट असलेल्या माणसाला लॅबची रेघ उपयोगाची नाही, त्याला सहाच्या खाली हवं, आणि गाठ असेल तर पाचच्या खाली, तरच जुना साठा विरघळतो. ३०० वर ५.६, ४०० वर ४.८. किडनी बघत बघत, घाई न करता, सहा महिने लागले.

मध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये सकाळी सहाला फोन. "दादा, आलं परत. घोटा. ती गोळी बंद करू?" मी म्हणलं नाही, काही बंद करायचं नाही, बाईंना फोन लावा. त्यांनी पाच दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं, शुगर मोजत मोजत, कारण मागचा अनुभव होता. ॲलोप्युरिनॉल चालूच. तिसऱ्या दिवशी अण्णा गाळ्यावर. २०२२ सारखाच प्रसंग, तीच गोळी, तेच दुखणं, पण यावेळी ते येणार हे माहीत होतं म्हणून पट्टी काउंटरवर आपटली नाही.

अजून एक. मे महिन्यात खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. कोल्चिसिन आणि हे एकत्र, त्यात किडनी कमी, म्हणजे कोल्चिसिन अंगात साठून विषारी होण्याची भीती. चिठ्ठी माझ्यासमोर आली आणि यावेळी मी पट्टी काढली नाही, फोन काढला. डॉक्टरांनी लगेच बदलून दिलं, वर थँक्यू म्हणाले.

घरात आमटी परत आली. दही परत आलं. बियर गेली, मटण महिन्यातून दोनदा, आणि गाळ्यावर गल्ल्याशेजारी दोन लिटरची बाटली, जी दुपारपर्यंत संपवायची.

काय झालं

जून २०२४ नंतर आजपर्यंत एकही अटॅक नाही. कोपराची गाठ दीड वर्षात हरभऱ्याएवढी झाली. खड्यासाठी लघवीचा आंबटपणा कमी करणारं औषध दिलं होतं, पुढच्या वर्षीच्या सोनोग्राफीत खडा नव्हता. क्रिएटिनिन १.४, म्हणजे ५९ च्या आसपास. यावर मात्र बाईंनी अण्णांना स्पष्ट सांगितलं की किडनीचा हा फायदा युरिक ॲसिड उतरल्याचा धरू नका, २०२० मध्ये दोन चांगल्या चाचण्या झाल्या त्यात ॲलोप्युरिनॉलने किडनीची घसरण थांबत नाही असंच दिसलं. तुमची सुधारली ती दुखण्याच्या गोळ्या सुटल्या म्हणून. हे ऐकून अण्णा खुश झाले, मी तेवढा नाही.

मागे बघताना

२०१८ ला अटॅकनंतर महिन्याने एक रक्ततपासणी झाली असती तर वर्षभर आधी निदान होतं. दुसऱ्या अटॅकला कोणीतरी, म्हणजे मीच, बीपीच्या पट्टीवरचा एच आणि अंगठा एका वाक्यात बोललो असतो तर गोळी बदलली असती. २०२२ ला कोल्चिसिनची जोड आणि एक वाक्य कमी पडलं. पुडीच्या वेळी मी वहिनींना समजावलं पण डॉक्टरांना कळवलं नाही, ते पण चुकलंच. बाकी पथ्याबद्दल मी वहिनींना दोष देणार नाही, त्यांना सगळे जण "काय बंद करा" एवढंच सांगत होते, काय चालतं ते कोणी सांगत नव्हतं.

आता काउंटरवर एक जुनी शंभर पानी वही आहे. दुखण्याची गोळी एकाच माणसाने दोन महिन्यांत तिसऱ्यांदा मागितली की नाव तिथे जातं आणि मी गोळीऐवजी प्रश्न विचारतो. दोनतीन गिऱ्हाइकं पलीकडच्या मेडिकलला गेली. जाऊ दे.

परवाच, आखाड चालू असताना, अण्णा आले. मटण महिन्याच्या हिशोबातलं होतं, ते विचारायला नव्हते आले. थोरल्या मुलाने कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये युरिक ॲसिड ७.९ आणलं होतं, वय २७, काही दुखत नाही, सांधे ठणठणीत, खडा नाही, किडनी छान. अण्णा म्हणाले, "त्याला पण माझीच गोळी चालू करतो, मी भोगलं ते त्याने कशाला." मी विचारलं त्याचं वजन किती. ८८. आणि शनिवारी काय करतो. अण्णा जरा वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन बाटल्या."

मी म्हणलं नुसता आकडा वाढलाय म्हणून गोळी देत नाहीत, दुखणं नाही तर औषध नाही, आधी बाटल्यांचं आणि वजनाचं बघा, सहा महिन्यांनी परत तपासा, आणि अंगठा दुखला तर त्याला इकडे पाठवू नका, सरळ बाईंकडे न्या. अण्णांनी स्वतःच्या पट्ट्या घेतल्या, मुलासाठी मागितलेली परत सरकवली.